मेज हलतंय की जमीन?

मुलांनो, तुमच्या घरात घरच्याच कुणीतरी केलेली एखादी लाकडी वस्तू आहे का? आमच्या ताईकडे आहे. लिहायचं एक बैठं मेज. त्याला पॉलिश नाही, एका कोपऱ्यावर हातोडीचे तीन वळ आहेत आणि एका पायाखाली चपलेच्या रबराचा तुकडा आहे. तो तुकडा का आहे, त्याचीच ही गोष्ट!

मी राहते वीरला. रोह्याहून पुढं कोकण रेल्वेची गाडी १९९३ साली पहिल्यांदा जिथपर्यंत आली, तेच हे वीर. महाडला जाणारी माणसं इथं उतरतात. माझी ताई महाडला राहते. २२ जुलै २०२१ ला सावित्रीच्या पुराचं पाणी महाड शहरात शिरलं, तेव्हा तिच्याही घरात पुरुषभर पाणी होतं. माणसं वरच्या मजल्यावर गेली म्हणून वाचली. सामान मात्र खालीच राहिलं.

पाणी ओसरल्यावर आम्ही चिखल उपसायला गेलो. भाचीचं अभ्यासाचं टेबल फुगून चहात बुडवलेल्या पावासारखं झालं होतं. हात लावला की भुगा पडायचा. आणि गंमत बघा, त्याच खोलीतला आजीचा सागवानी चौरंग! तो धुतला, सावलीत वाळवला, की पुन्हा पूजेला तयार.

असं का झालं? बाजारातली पुष्कळ स्वस्त टेबलं लाकडाचा भुसा आणि गोंद दाबून केलेल्या तक्त्यांची असतात. पाणी आत शिरलं की भुशाचे कण फुगतात, गोंदाची पकड सुटते आणि तक्ता पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. अख्खं लाकूडही पाणी पितं, पण त्याचे तंतू एकमेकांना धरून असतात. शिवाय सागात नैसर्गिक तेल असतं.

भाची तेव्हा सहावीत होती. करोनामुळे तिची शाळा बंद, सगळा अभ्यास घरी. धान्याचा पत्र्याचा डबा आडवा करून ती त्यावर वही ठेवायची. डबा गोल, वही घसरायची.

“मावशी, मी लिहू कशावर गं?”

ताईच्या यादीत फ्रीज होता, गाद्या होत्या, भांडी होती. टेबलाचा नंबर सगळ्यात शेवटी. मी म्हटलं, “आपण करूया.”

“तुला येतं?”

“नाही. शिकूया.”

वर्गात मी रोज मुलांना म्हणते, ‘करून बघा म्हणजे येईल.’ आता पाळी माझी होती!

आधी माप, मग करवत

आमच्या वाडीतल्या सुतारआजोबांकडे गेले. ते म्हणाले, “बाई, लाकूड कापता येतं, जोडता येतं, पण आखूड झालेलं लांब करता येत नाही. आधी कागदावर काढून आणा.”

मग भाचीला मांडी घालून बसवलं आणि जमिनीपासून तिच्या कोपरापर्यंत मोजलं. त्यावरून मेजाची उंची ठरली बारा इंच. वखारीतून जुन्या पॅकिंग खोक्यांच्या फळ्या आणल्या, चार इंच रुंद आणि पाऊण इंच जाड. आमचा हिशेब असा होता:

वरच्या फळ्या ४, प्रत्येकी २४ इंच.
पाय ४, प्रत्येकी ११ इंच.
आडव्या पट्ट्या २, प्रत्येकी १५ इंच.
मागची फळी १, २४ इंच.

करा बेरीज! १९४ इंच, म्हणजे १६ फूट २ इंच. करवतीच्या भुशात थोडं जातं, म्हणून आम्ही १८ फूट घेतलं.

जोडणी सोपी. प्रत्येक आडव्या पट्टीच्या आतल्या बाजूला दोन टोकांना दोन पाय ठोकायचे. अशा दोन चौकटी समोरासमोर उभ्या करायच्या, मागून फळी ठोकून त्या जोडायच्या आणि वर चार फळ्या बसवायच्या. मागची फळी विसरायची नाही हं! तिच्याशिवाय मेज डावीउजवीकडे डुलतं.

कोपरा काटकोनात आहे का?

सुतार यासाठी गुण्या वापरतात. तुमच्याकडे नसला तरी पट्टी आहेच ना? कोपऱ्यापासून एका बाजूला ९ इंचांवर खूण करा, दुसऱ्या बाजूला १२ इंचांवर. दोन खुणांमधलं अंतर बरोबर १५ इंच आलं, तर कोपरा काटकोनात. हो, तुमच्या भूमितीच्या पुस्तकातला पायथागोरस तो हाच! आपल्याकडच्या जुन्या शुल्बसूत्रांतही हा नियम आहे. यज्ञवेदी आखताना तो दोरीनं वापरत. आणि मेजाचे समोरासमोरचे कोपरे तिरके मोजा. दोन्ही कर्ण सारखे भरले की काम फत्ते.

आजोबांनी आणखी तीन गोष्टी सांगितल्या. एक, वरच्या फळ्यांमध्ये एकेक सूत फट ठेवा. (इंचाचे आठ सूत, बरं का!) पावसाळ्यात लाकूड रुंदीला फुगतं, म्हणून तर आपले दरवाजे आषाढात अडकतात. लांबीला ते जवळजवळ वाढत नाही. दोन, फळीच्या टोकाजवळ खिळा ठोकण्याआधी बारीक भोक पाडा, नाहीतर फळी उभी चिरते. तीन, पाऊण इंचाच्या दोन फळ्या एकमेकींवर ठोकताना खिळा सव्वा इंचाचाच घ्या. मोठा घेतलात तर टोक बाहेर येईल आणि पायाला लागेल. वरच्या फळ्या पट्टीच्या कडेवर ठोकायला मात्र दोन इंची खिळा हवा.

शेवटी पॉलिशपेपर, तोही लाकडाच्या रेषेच्या दिशेनं. तीन रविवारांत मेज तयार! आमच्या पडवीत ते ठाम उभं राहिलं.

आणि फजिती

महाडला नेऊन ठेवलं तर खुडुक, खुडुक! मेज हलायला लागलं. भाचीचा चेहरा पडला. मी घाईनं करवत काढली आणि एका पायाचा सूतभर तुकडा उडवला. तरी हलतंच. मग ते स्वयंपाकघराच्या सपाट कडाप्प्यावर ठेवून पाहिलं, तर तिथंही हलायला लागलं!

आजोबांना फोन केला. ते हसून म्हणाले, “बाई, पडवीत नीट होतं ना? मग मेजाचं काय चुकलं? जमीन बघा.”

खरंच, पुरानं त्या खोलीतली फरशी एका कोपऱ्यात खचली होती. हलत होती जमीन, आणि मी कापला पाय! मेजाची जागा बदलली आणि कापलेल्या पायाला जुन्या चपलेचं रबर ठोकलं. तोच तो तुकडा.

तीन पायांचं स्टूल मात्र कुठंही ठेवा, हलत नाही. कारण कुठलेही तीन बिंदू एकाच प्रतलात बसतात, चौथा बसेलच असं नाही.

आपणही करू शकतो

इटलीतल्या एन्झो मारी या डिझाइनरनं १९७४ साली साध्या फळ्या आणि खिळे यांपासून होणाऱ्या टेबल, खुर्च्या, पलंगांचे नकाशे काढले आणि टपालखर्च पाठवणाऱ्याला ते दिले. वस्तू स्वतः केली की चांगली वस्तू ओळखता येते, असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडे पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथं मुलं हातानं काम करता करता विज्ञान शिकतात.

तुम्ही पाटापासून सुरुवात करा. एक फळी आणि खाली दोन पट्ट्या, बस्स. करवत आणि पटाशी मात्र मोठं माणूस जवळ असतानाच हातात घ्यायची. आणि आईबाबा, पहिला पाट वाकडा झाला तर हसू नका हं. त्यावर बसून जेवा.

भाची आता उंच झालीय, मोठ्या टेबलाशी बसते. मेज धाकट्या भावाकडे गेलंय. परवा तो विचारत होता, “मावशी, हे रबर काढू का?”

मी म्हटलं, “नको रे, माझी चूक आहे ती. राहू दे!”