पऱ्हाटीचा हिशेब : विद्यार्थ्यांचे पर्यावरण प्रकल्प आणि हरित रोजगाराचं शिक्षण

(दारव्हा येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

समोर विद्यार्थी आहेत, बाजूला शिक्षक मंडळी आहेत आणि मागच्या रांगेत काही शेतकरी बंधूही दिसतायत. त्यांनी पुढे यावं अशी माझी विनंती आहे, कारण आजचा निम्मा विषय त्यांच्या वावरातला आहे.

विषयाचं नाव जरा जड आहे : विद्यार्थ्यांचे पर्यावरण प्रकल्प आणि हरित रोजगार. आपण तो पऱ्हाटीपासून सुरू करू. कापसाची शेवटची वेचणी झाली की वावरात काय उरतं? पऱ्हाटी. तिचं आपण काय करतो? उपटतो, धुऱ्यावर ढीग लावतो, थोडी चुलीला नेतो आणि उरलेली पेटवून देतो. एकरी साधारण टनभर पऱ्हाटी निघते असं धरा. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात कापसाखाली काही लाख हेक्टर जमीन असते. म्हणजे दर उन्हाळ्याच्या तोंडाशी आपण किती माल जाळतो, याचा गुणाकार तुम्ही घरी जाऊन करा.

एकदा एका गावात मी मुलांसोबत गेलो होतो. मुलांनी फलक धरले होते, ‘पऱ्हाटी जाळू नका’. एक आजोबा धुऱ्यावर उभे होते. ते म्हणाले, “जाळू नका म्हनता, मंग ठेवू कुठं? तुमच्या शाळेत?” मुलं हसली. पण आजोबांचा प्रश्न खरा होता. पऱ्हाटीवर जी किडकी, न फुटलेली बोंडं राहतात, त्यांत गुलाबी बोंडअळी मुक्काम करते. म्हणून तर कृषी विभाग सांगतो की फरदड घेऊ नका, पऱ्हाटीचे ढीग शेतात ठेवू नका. म्हणजे जाळण्यामागे शेतकऱ्याचं एक कारण आहे. ते कारण न समजता जो प्रकल्प होतो, तो प्रकल्प नसतो, ती घोषणा असते.

आपल्याकडे पर्यावरणाचं शिक्षण नवीन नाही. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर आदेश दिला, की पर्यावरण हा विषय शाळा-कॉलेजात शिकवला गेला पाहिजे. त्यानंतर तो पदवीला सक्तीचा झाला, आपल्या राज्यात अकरावी-बारावीलाही आला. विषय आला, त्यासोबत प्रकल्पवहीही आली. आता खरं सांगा, त्या वहीत काय असतं? कात्रणं, मागच्या वर्षीच्या दादाची वही, किंवा झेरॉक्सच्या दुकानात मिळणारा तयार प्रकल्प. प्रदर्शन असेल तर थर्माकोलवर पवनचक्की. पर्यावरणाचा प्रकल्प, आणि तो थर्माकोलवर! मी मुलांना दोष देत नाही. आपण त्यांना वही भरायला सांगितली, त्यांनी वही भरली.

मग चांगला प्रकल्प ओळखायचा कसा? मी दोन प्रश्न विचारतो. पहिला : ही अडचण नेमकी कोणाची आहे? त्या माणसाचं नाव सांगता आलं पाहिजे. दुसरा : ती सुटली तर त्यासाठी पैसे कोण देईल, आणि किती? दुसऱ्या प्रश्नाला काही शिक्षक नाक मुरडतात. म्हणतात, पर्यावरणात पैसा कशाला आणता? पण रोजगार म्हणजे दुसरं काय असतं? कोणीतरी तुमच्या कामाचे पैसे देतं, तेव्हाच त्याला रोजगार म्हणतात.

आता पऱ्हाटीला हे दोन प्रश्न लावू. अडचण आजोबांची आहे : पेरणीआधी वावर मोकळं करायचं आणि अळीचा मुक्काम मोडायचा. त्यावर वाटा कोणत्या? एक, ट्रॅक्टरच्या श्रेडरने बारीक करून जमिनीत मिसळणं. दोन, विटांसारखे दाबून इंधन बनवणं, ज्याला ब्रिकेट म्हणतात, आणि ते बॉयलरला विकणं. मुंबईची सिरकॉट ही कापूस तंत्रज्ञानाची केंद्रीय संशोधन संस्था आहे, तिने पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड आणि इंधन बनवण्यावर बरंच काम केलंय. तीन, कोळसा करणं. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या संस्थेने, उसाच्या पाचटापासून कोळसा करून दाखवला आणि २००२ साली त्यांना ब्रिटनचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. पाचट म्हणजे शेतात जाळून टाकायची वस्तू, तिचा त्यांनी माल केला.

कोळसा कसा होतो, ते समजून घ्या. लाकूड मोकळ्या हवेत जळलं की राख उरते. हवा कमी असेल तर लाकडातला वायू जळून जातो आणि कार्बन मागे राहतो, तोच कोळसा. शंकूच्या आकाराचा खड्डा घ्यायचा, तळाशी जाळ करायचा आणि वरून थराथराने पऱ्हाटी टाकत जायचं. वरची ज्योत खालच्या थराला हवा मिळू देत नाही, त्यामुळे खालचं जळून राख होत नाही. शेवटी पाणी ओतून विझवायचं. वाळलेल्या पऱ्हाटीच्या साधारण पाव वजनाचा कोळसा हाती येतो. म्हणजे टनाला अडीचशे किलोच्या आसपास. हे शिक्षकांच्या देखरेखीखाली, जवळ पाण्याचं पिंप ठेवून आणि वारा पडलेला असतानाच करायचं.

हा कोळसा जमिनीत घातला तर त्याला बायोचार म्हणतात. यूट्यूबवर पाहाल तर बायोचार म्हणजे जादू! इथेच विद्यार्थ्यांची खरी गरज आहे. बायोचारचे जे चांगले परिणाम सांगतात, ते बऱ्याचदा आम्लधर्मी जमिनीतले असतात. आपली काळी जमीन मुळात अल्कधर्मी, आणि बायोचारही अल्कधर्मी. मग आपल्याकडे फायदा किती होईल? हे पुस्तकात शोधू नका. दहा कुंड्या घ्या, पाचांत शेणखत घाला, पाचांत शेणखत आणि कोळसा घाला. पाणी मोजून द्या, उंची मोजा, शेवटी वजन करा. उत्तर ‘काही फरक पडला नाही’ असं आलं तरी तो उत्तम प्रकल्प आहे. कारण मग तुम्ही आजोबांना खोटं आश्वासन देणार नाही.

आणि हिशेब विसरू नका. पऱ्हाटी वजनाला हलकी आणि जागेला भारी. ट्रॉली भरलेली दिसते, पण काट्यावर चढवली की वजन भरत नाही. म्हणून दूर न्यायची म्हटली तर भाड्यातच सगळं जातं. किती किलोमीटरपर्यंत परवडतं? आपल्या तालुक्यातलं ट्रॅक्टरचं भाडं, उपटण्याची मजुरी आणि इंधनाचा भाव धरून हे गणित दहावीचा मुलगा मांडू शकतो. ज्याला हे गणित येतं, त्याला उद्या ब्रिकेटच्या कारखान्यात काम मिळू शकतं, किंवा तो स्वतः श्रेडर भाड्याने चालवू शकतो.

आता दुसरं उदाहरण, आणि ते दुःखाचं आहे. २०१७ साली आपल्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो दवाखान्यात होते. तुमच्यापैकी कोणाच्या घरात, शेजारात हे घडलंही असेल. त्या वेळी अनेक कारणं पुढे आली : पीक उंच वाढलेलं, औषधांची मिश्रणं, तोंडावर नुसता रुमाल. पण त्याच्याही आधीचा एक प्रश्न आहे. फवारणीची गरज आहे की नाही, हे ठरवतं कोण? बहुतेक वेळा दुकानदार, नाहीतर शेजाऱ्याची फवारणी पाहून आपण.

यावर एक साधं साधन आहे, कामगंध सापळा. त्यात मादीच्या गंधाची गोळी असते, नर पतंग येऊन अडकतात. पाहणीसाठी हेक्टरी पाच सापळे पुरतात. सलग तीन रात्री, एका सापळ्यात रात्रीला आठ किंवा जास्त पतंग सापडले तर उपाय करण्याची वेळ आली असं मानतात. म्हणजे रोज सकाळी कोणीतरी जाऊन पतंग मोजायचे, वहीत लिहायचे आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आकडा टाकायचा. हे काम आठवीची मुलगी करू शकते. फवारणी तिने करायची नाही, औषधाच्या डब्याला हातही लावायचा नाही, फक्त मोजायचं. एक जरी फवारणी वाचली तरी शेतकऱ्याचे पैसे वाचले, आणि एका मजुराच्या अंगावर एक दिवस विष उडालं नाही. उद्या शेतकरी उत्पादक कंपनीने या मोजणीचे पैसे दिले, तर तो हरित रोजगार झाला.

हरित रोजगाराची आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची व्याख्या फार छान आहे. काम पर्यावरण राखणारं किंवा सुधारणारं हवं, आणि ते माणसाला सन्मानाने जगू देणारंही हवं. दुसरी अट आपण विसरतो. हातमोजे न घालता, दिवसाच्या तुटपुंज्या मजुरीवर कचरा निवडणारी बाई पर्यावरणाचंच काम करते, पण त्या कामाला आपण हरित रोजगार म्हणून मिरवू नये. आधी ते सन्मानाचं करावं.

तुम्ही म्हणाल, शाळेत हे बसवायचं कसं? करून दाखवलेलं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग अमेरिकेत पीएचडी करून आले, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात मोठ्या पदावर होते. ते सोडून १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळ या दुष्काळी गावात गेले आणि विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे मुलं एक वर्ष राहून वेल्डिंग, वीजजोडणी, शेती, अन्नप्रक्रिया हाताने शिकतात. शाळांसाठी त्यांनी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा अभ्यासक्रम केला : आठवी ते दहावी, आठवड्यातला एक दिवस. त्यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की मुलं गावाला सेवा देतात आणि कामाचा खर्च लिहून काढतात. याच पाबळला २००२ मध्ये एमआयटीच्या मदतीने फॅब लॅब उभी राहिली, अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या काहींपैकी ती एक. या विचाराचं मूळ तर आपल्या शेजारी आहे. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद झाली, तिथून नई तालीम निघाली. हाताने काम करत शिकायचं, हा विचार दारव्ह्याला बाहेरून आणावा लागत नाही.

(एका विद्यार्थ्याने विचारले : “सर, हे सगळं ठीक आहे, पण यात पगार किती?”)

छान विचारलंस. सरळ उत्तर देतो. सुरुवातीला थोडाच असतो. आज गावोगाव सौर पंप लागतायत, २०२४ पासून ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना आहे, छतावरच्या सौर विजेसाठी ‘पीएम सूर्यघर’ आहे. पंप बसतो, पाच वर्षांची हमी असते, पण तो ऐन हरभऱ्याच्या पाण्याच्या वेळी बंद पडला तर माणूस लवकर येईलच असं नाही. पॅनेलचा व्होल्टेज मोजणं, अर्थिंग तपासणं, कंट्रोलरचा दोष ओळखणं ज्याला येतं, त्याची तालुक्यात गरज आहे. आयटीआयमध्ये सोलर टेक्निशियनचा ट्रेड आहे, सरकारचा सूर्यमित्र कार्यक्रम आहे. पण नुसतं प्रमाणपत्र घेऊन पुण्याला गेलास तर हजारांतला एक होशील. इथल्या पन्नास पंपांचे दोष तुझ्या वहीत असतील, तर इथला शेतकरी आधी तुला फोन करेल. पगार मी ठरवू शकत नाही, पण फोन येईल एवढं नक्की सांगतो.

आपल्या दारव्ह्यावरून शकुंतला धावायची. तिचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं, आणि गाडी बनली ती इथला कापूस मूर्तिजापूरमार्गे मुंबईकडे न्यायला. कच्चा माल इथून जायचा आणि कापड होऊन परत यायचा. गाडी थांबली, पण तो रिवाज सुरूच आहे. आता मुलं जातात. जाऊ नका असं मी म्हणत नाही. पण जाताना कच्चा माल म्हणून जाऊ नका, काहीतरी हाताने करून, मोजून, लिहून मग जा.

शेवटी एक काम देतो. येत्या आठवड्यात चौघांचा एक गट करा. एका शेतकऱ्याकडे जा, फलक नेऊ नका, वही न्या. विचारा, काका, पऱ्हाटी काढायला किती दिवस लागतात, किती मजूर, किती पैसे? एका ढिगाचं वजन करा. पहिल्या पानावर त्या शेतकऱ्याचं नाव लिहा. आणि मागच्या रांगेतल्या बंधूंनो, मुलं आली तर त्यांना वजनकाटा द्या, आणि प्रश्न उलटे विचारा.