ज्योत पेटली, हे यंत्राला कोण सांगतं?

करडईच्या तेलाचा आलेख आज वाचायचं ठरलं होतं. तो पुढच्या आठवड्यावर ढकलतोय, कारण परभणीतल्या एका संशोधक विद्यार्थिनीनं विचारलेला प्रश्न मला सोडवेना. तिच्या प्रयोगशाळेत रात्री वीज गेली, थोड्या वेळानं आली. जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफ) आपोआप सुरू झालं, तापमानं जागेवर आली. सकाळी पाहावं तर त्यातल्या एफआयडीची, म्हणजे फ्लेम आयोनायझेशन डिटेक्टरची, ज्योत विझलेली. ‘ऑटो इग्निशन आहे, मग पेटली का नाही? इग्नायटर बदलू का?’

इग्नायटर बदलू नका, निदान आधी तरी नाही. हवेत 4 टक्क्यांपासून 75 टक्क्यांपर्यंत कितीही हायड्रोजन मिसळला तरी तो पेट घेतो, आणि ठिणगीही नाममात्र लागते. इतक्या पेटाऊ वायूपुढे लालबुंद तार धरूनही तो पेटत नसेल, तर दोष बहुतेक वेळा तारेत नसून तिच्यापर्यंत पोचणाऱ्या मिश्रणात असतो. तरी आपल्याकडे पहिला पाना इग्नायटरवरच चालतो!

नेहमीच्या कामात हायड्रोजन मिनिटाला 30 ते 40 मिली आणि हवा त्याच्या दहापट असते. पेटवताना हेच प्रमाण आडवं येतं. म्हणून पेटवण्यापुरता हायड्रोजन वाढवायचा, हवा कमी करायची आणि डिटेक्टरला जादा दिला जाणारा मेकअपचा नायट्रोजन बंद ठेवायचा. ‘फट्’ असा बारीक आवाज आला की सगळं हळूहळू पूर्वपदावर आणायचं, मेकअप सर्वांत शेवटी. ही घाई केली तर पेटलेली ज्योत वायूच्या झोतानंच विझते आणि आपण म्हणतो, पेटलीच नाही. आणखी एक पथ्य: डिटेक्टर गार असताना पेटवू नये. हायड्रोजन जळून पाणीच होतं. ते आत साचलं की इग्नायटर गंजतो, ज्योतीतले आयन गोळा करणाऱ्या कलेक्टरचं इन्सुलेशन बिघडतं. दीडशे अंशांच्या वर गेल्याशिवाय कित्येक यंत्रं पेटवायलाच नकार देतात, ते यासाठी.

पण माझा जीव अडकलाय तो पुढच्या पायरीत. हायड्रोजनची ज्योत डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. आपण एक्झॉस्टवर चकचकीत पाना धरतो, त्यावर वाफ धरली की निश्चिंत होतो. यंत्राकडे पाना नाही. ते फक्त पिकोअँपिअरमधला प्रवाह बघतं: पेटवण्याआधीच्या आकड्यात ठरावीक भर पडली की ज्योत आहे, नाही तर नाही. ही भर बऱ्याच ठिकाणी 2 पिकोअँपिअर ठरवलेली असते. आता वायू अगदी शुद्ध असतील आणि कॉलममधून काहीच झिरपत नसेल, तर पेटलेली ज्योतही तेवढा प्रवाह देत नाही. यंत्र ती विझलेली समजतं, दोन-तीनदा पुन्हा पेटवू बघतं आणि शेवटी हायड्रोजन बंद करतं. म्हणजे चांगल्या वायूची शिक्षा! उलट कलेक्टर मळलेला असला तर गळतीचा प्रवाहच वाढत जातो आणि ज्योतीविना यंत्र समाधानी. खरी ज्योत थोडी थरथरते, गळतीची रेघ मात्र शांत असते. शंका आली तर क्षणभर हायड्रोजन बंद करून पाहावं: प्रवाह कोसळला तर ज्योत होती.

मला विचाराल तर दुसरा साक्षीदार हवाच, आणि तो तापमानाचा. ही कल्पना जुनी आहे. 1955 मध्ये आर. पी. डब्ल्यू. स्कॉट यांनी केलेल्या डिटेक्टरमध्ये हायड्रोजनच्या ज्योतीवर थर्मोकपल बसवलेलं होतं आणि मोजमापच ज्योतीच्या उष्णतेचं होतं. तीन वर्षांत ऑस्ट्रेलियात मॅकविल्यम आणि ड्युअर यांनी, तर दक्षिण आफ्रिकेत हार्ली, नेल आणि प्रिटोरियस यांनी स्वतंत्रपणे ज्योतीतले आयन मोजून दाखवले. संवेदनक्षमता एवढी वाढली की थर्मोकपल मागे पडलं. ज्योत विझली का एवढंच बघायला ते आजही उत्तम आहे. हवेतल्या हायड्रोकार्बनवर सतत नजर ठेवणाऱ्या काही यंत्रांत तशी सोय असतेही.

आता त्या रात्रीकडे. वीज आल्यावर जीसी आणि हायड्रोजन जनरेटर एकदमच उठले असणार. डिटेक्टर तापला, यंत्रानं पेटवायचे प्रयत्न उरकले. जनरेटरचा दाब तोवर भरला नसेल, नळीत हवा शिरलेली असेल. आपल्या शेतातल्या मोटारीचा ऑटो स्विच याहून शहाणा: वीज आली तरी तिन्ही फेज नीट आहेत का बघतो, थोडं थांबतो, मग मोटार उचलतो. जीसीतही पेटवण्याची आज्ञा तापमानासोबत हायड्रोजनच्या दाबावरही बांधायला हवी. तुमच्या यंत्रात ती सोय नसेल तर जीसी आणि जनरेटर एकाच यूपीएसवर घ्या. ते न जमल्यास पेटवण्याआधी थांबण्याचा वेळ वाढवा. पण पेटेपर्यंत पुन्हापुन्हा प्रयत्न करत राहा, असं यंत्राला कधीही सांगू नका. न जळलेला हायड्रोजन तेवढा वेळ बाहेर पडत असतो, तेही रिकाम्या खोलीत.

पुढच्या आठवड्यात मात्र करडईच. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या ‘परभणी कुसुम’ या वाणाचं तेल घेऊ आणि त्यातलं लिनोलेइक आम्ल आलेखावर कुठे उभं राहतं ते पाहू. मागच्या अंकातला कॉलमचा तक्ता जवळ ठेवा.