धोटा, फणी आणि चिमटा

कुंभकोणम् येथे माझी बदली झाली ते वर्ष २००७. तंजावर परिसर मराठी माणसास अगदीच परका नाही. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तेथे रोवलेले भोसल्यांचे राज्य १८५५ पर्यंत टिकून होते. तरीही तमिळ भाषेपुढे माझी पहिली काही महिने पुरती तारांबळ उडाली. अशा दिवसांत कर्जप्रकरणांच्या पाहणीसाठी शहरापासून सुमारे आठ किलोमीटरांवरील तिरुभुवनम् या गावी जाणे हा मला विरंगुळा वाटे. तिसऱ्या कुलोत्तुंग चोळाने बांधविलेले कंपहरेश्वराचे भव्य मंदिर आणि जवळच्या गल्ल्यांतून घरोघरी चालणारे रेशमी साड्यांचे हातमाग, असे ते गाव. येथील विणकरांपैकी अनेकांची घरची भाषा सौराष्ट्री. तिच्यातील एखादा शब्द कानी पडला की आपलेच कोणी बोलत आहे असा क्षणभर भास होई.

एका वृद्ध विणकराने मागाच्या दुरुस्तीसाठी कर्ज मागितले होते. त्याच्या यादीत नवी फणी होती, दोन धोटे होते. जुनी फणी मागावर बसविलेलीच होती आणि मला ती उत्तम स्थितीत दिसत होती. बँकेतील माणसाच्या सवयीप्रमाणे मी विचारले, "ही चालण्यासारखी असताना नवी कशाला?" तो काही बोलला नाही. रेशमाचा एक मोकळा धागा घेऊन त्याने फणीच्या दात्यांवरून हळूच ओढला. एका ठिकाणी धागा अडकला आणि तुटला. मग म्हणाला, "सार्, तुमच्या डोळ्यांना दिसत नाही, धाग्याला दिसते."

त्याचे म्हणणे नंतर नीट उमगले. फणीच्या एका दात्याची धार उठली, तर ताण्यातील तोच तो धागा पुनःपुन्हा तुटतो आणि साडीच्या लांबीभर एक रेघ उमटते. दोष असतो केसाएवढा. पण कित्येक दिवसांची मेहनत आणि सारे रेशीम त्यात अडकलेले असते. रेशमाच्या भावात घासाघीस करणारा तो गृहस्थ फणीच्या किमतीत मात्र एक रुपयाही कमी करावयास तयार नव्हता. मी यादी जशीच्या तशी मंजुरीसाठी पाठविली. (तिरुभुवनम्‌च्या रेशमी साडीला २०१९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाल्याचे वाचले, तेव्हा मला ती फणीच आठवली.)

हा जुना प्रसंग पुन्हा आठवण्यास कारण ठरली आमची कन्या. गेल्या वर्षी तिने संगणकाचा कळफलक स्वतःच्या हाताने जोडण्याचा घाट घातला. सध्या तरुणांत हा छंद चांगलाच रुजला आहे. अशा यांत्रिक कळफलकात प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्विच असतो. त्यात एक दांडी, एक स्प्रिंग आणि संपर्काची धातूची पट्टी. बँकेतील जुन्या सहकाऱ्यांना हा प्रकार नवा वाटू नये. चेन्नईच्या टीव्हीएस इलेक्ट्रॉनिक्सचा 'गोल्ड' कळफलक देशभरातील असंख्य काउंटरांवर वर्षानुवर्षे टकटकत आला, तो याच जातीचा. फरक इतकाच की आता पत्रा, सर्किटपट्टी, स्विच आणि कळींच्या टोप्या वेगवेगळ्या विकत घेऊन आपल्या बोटांना रुचेल असा फलक घरी जोडता येतो. मागाचे आणि कळफलकाचे नातेही दूरचे नाही. १८०४ च्या सुमारास जॅकार्डने नक्षी विणण्यासाठी भोकांची पुठ्ठ्याची पत्रे मागाला जोडली. १८९० च्या अमेरिकी जनगणनेत हॉलेरिथने भोकांच्या पत्रांवर आकडेमोड केली. आणि अशी पत्रे भोकण्यासाठी पुढे कळफलकाची यंत्रे आली.

कन्येने संच उत्तम निवडला होता. हत्यारांची जबाबदारी मी घेतली आणि बाजारातील एका टपरीवरून 'बत्तीस नगांचा' चकचकीत संच स्वस्तात आणला. त्याची फळे अर्ध्या तासात मिळाली. स्क्रू-ड्रायव्हरचे टोक मऊ असल्याने दोन स्क्रूंच्या खाचा गुळगुळीत झाल्या. स्विच काढण्याचा चिमटा इतका जाड की पत्र्यावर चरे उमटले. आणि घाईघाईत एक स्विच दाबून बसविताना मी पट्टीला पाठीमागून बोटाचा आधार दिला नाही. खालचे सॉकेट तांब्याच्या पापुद्र्यासकट उखडून आले. ती कळ होती 'एन' ची. इन्स्क्रिप्ट पद्धतीत ह्याच कळीवर 'ल' आणि शिफ्टसह 'ळ' येतो. कन्येने चाचणीसाठी 'तमिळनाडू' टंकित केले, तो पडद्यावर उमटले 'तमिनाडू'. ती हसली, मला काही हसू आले नाही.

त्यानंतर हत्यारे निवडण्याची पद्धत मी मुळापासून शिकलो. ज्यांच्या घरात असा छंद शिरू पाहत असेल, त्यांच्यासाठी ती येथे सांगतो.

स्क्रू-ड्रायव्हरची पारख दुकानातच करावी. आपला स्क्रू खिशात घेऊन जावे, टोकावर बसवावा आणि ड्रायव्हर आडवा धरून हलवून पाहावा. स्क्रू डुगडुगला तर माप चुकले. कळफलकात बहुधा दोन मिलिमीटरचे बारीक स्क्रू असतात. त्यांना चौफुलीच्या लहान मापाचे, कठीण पोलादाचे टोक लागते. षट्कोनी खाच असेल तर अॅलन कीच्या कडा तीक्ष्ण आहेत ना, ते नखाने पाहावे. हत्यारांसाठी परदेशाकडेच पाहावे असे नाही; नाशिकच्या सातपूर वसाहतीतील टपारियासारखे आपल्याकडचे जुने कारखाने आहेत, आणि दोन साधे ड्रायव्हर त्या बत्तीस नगांपेक्षा अधिक काळ सोबत करतात.

चिमट्याची परीक्षा प्रकाशासमोर. टोके मिटून धरली असता मध्ये फट दिसू नये आणि जोर दिल्यावर ती एकमेकांवरून घसरू नयेत. वाकलेली पिन सरळ करणे आणि इवलीशी स्प्रिंग उचलणे ही त्याची कामे. त्याचे आणखी एक काम फार मोलाचे आहे. स्विच बसविण्यापूर्वी पट्टी संगणकास जोडून चिमट्याने प्रत्येक कळीची दोन टोके क्षणभर जुळवून पाहावीत. अक्षर उमटले तर पट्टी निर्दोष. ही तपासणी आधी केली म्हणजे दोष विक्रेत्याचा की आपला, हा वाद उद्भवत नाही. त्यापूर्वी एखाद्या जमिनीशी जोडलेल्या धातूस स्पर्श करून अंगातील स्थिर वीज घालवावी.

टोप्या काढण्यासाठी प्लास्टिकच्या कडीऐवजी तारेचे साधन घ्यावे. कडी टोपीच्या बाजूंवर ओरखडे काढते. स्विच काढण्याच्या चिमट्याची टोके पातळ व चौकोनी असावीत, म्हणजे ती वरच्या आणि खालच्या खाचेत नेमकी बसतात आणि स्विच सरळ वर येतो.

स्पेसबारखाली एक आधारतार असते, तिच्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. खडखडाट होतो तो तिच्यामुळे. तार आरशाच्या काचेवर ठेवून एक टोक दाबावे. दुसरे उचलले गेले तर ती वाकडी. ती सरळ करावयास बिनदात्यांची, सपाट जबड्याची पक्कड हवी. दात्यांच्या पकडीने तारेवर व्रण पडतात आणि खरखर उलट वाढते. वंगणासाठी चित्रकलेचा शून्य क्रमांकाचा कृत्रिम केसांचा कुंचला पुरतो. वंगण दिसेल इतके लागले म्हणजे जास्त झाले असे समजावे. संपर्काच्या पट्टीस तर ते लागताच कामा नये.

डाख देण्याची वेळ आली तर मात्र काटकसर करू नये. तापमान ठरविता येत नाही अशी साधी इस्त्री बारीक पट्टीवर चालवणे म्हणजे नशिबाशी खेळणे. शिसेयुक्त डाखासाठी ३२० ते ३५० अंश सेल्सिअस तापमान आणि छिन्नीसारखे चपटे टोक ठेवावे. ते दोन-तीन सेकंदांहून अधिक टेकवू नये. खिडकी उघडी असावी व नंतर हात धुवावेत.

एकूण सहा-सात हत्यारे झाली. विणकराच्या यादीतही याहून फार नव्हती. २०१५ मध्ये मुद्रा योजना आली तेव्हा शिशु गटातील पन्नास हजार रुपयांपर्यंतच्या कर्जांचे अर्ज माझ्या टेबलावर येऊ लागले. लोहार, शिंपी, रेडिओ दुरुस्त करणारे अशा अर्जदारांनी यादीत महागडे हत्यार लिहिले की तरुण सहकारी त्यावर लाल खूण करीत. मी त्यांना आधी अर्जदाराच्या दुकानात जाऊन त्याचे जुने हत्यार हातात घेऊन पाहावयास सांगे.

उखडलेल्या सॉकेटची दुरुस्ती आम्ही दोघांनी मिळून केली. पापुद्रा गेला होता, पण वाट शिल्लक होती: सॉकेटच्या पायापासून त्याच रांगेतील शेजारच्या जोडणीपर्यंत केसासारखी बारीक तार नेऊन डाख द्यावयाचा. निवृत्तीनंतर माझा हात थोडा कापतो. तार धरण्याचे काम म्हणून कन्येकडे, इस्त्री माझ्याकडे. 'कंप हरण करणारा तो कंपहरेश्वर' असे मी पुटपुटलो, तेव्हा तिने मान वर न करताच "बाबा, आता बोलू नका" असे बजावले. तीन सेकंद मोजून मी इस्त्री उचलली.

तिने पुन्हा टंकित केले. या वेळी 'तमिळनाडू' पूर्ण उमटले, 'ळ' सकट. तो फलक आता तिच्या टेबलावर आहे. मागची बाजू उघडली तर ती तांबडी तार अजून दिसते.