सीमेचा आडोसा

मुंबईतल्या तस्करीचा जुना हिशेब सरळ होता. १९६८च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याने सोन्याच्या व्यवहारावर कडक बंधने घातली होती. आयातीची वाट बंद होती आणि दुबईत स्वस्त मिळणारे सोने जव्हेरी बाजारात महाग विकले जायचे. भावातला तो फरक हीच तस्कराची कमाई. कापडी जाकिटाच्या कप्प्यांत दहा तोळ्यांची बिस्किटे भरून गलबते किनाऱ्याला लागायची. १९९०मध्ये तो कायदा रद्द झाला, १९९२मध्ये अनिवासी भारतीयांना शुल्क भरून पाच किलो सोने आणायची मुभा मिळाली आणि या धंद्यातला मलिदा आटला.

दारे उघडली की चोरवाटा ओस पडतील, ही आशा तेव्हा चुकीची नव्हती. पण माल बदलला तरी वाटा त्याच राहिल्या. १९९३च्या सुरुवातीला रायगडच्या दिघी आणि शेखाडीला स्फोटके उतरली, ती याच जुन्या ओळखींच्या आधारावर. १२ मार्चच्या स्फोटांत मुंबईत २५७ माणसे मारली गेली. या स्फोटांच्या खटल्यातला आरोपी अबू सालेम २००२मध्ये लिस्बनला सापडला, पण त्याला भारतात आणायला २००५ उजाडले आणि तेही फाशी नाही, २५ वर्षांहून अधिक कैद नाही, अशी हमी देऊन. पूर्वी सीमा ओलांडण्यात गुन्हेगाराची जोखीम होती. आता सीमेपलीकडे त्याला आडोसा मिळू लागला.

ऑक्टोबर २०१६मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले आणि सातशेहून अधिक जणांना ताब्यात घेतले. इथून अमेरिकेत फोन जायचे: मी कर खात्यातून बोलतोय, तुमचा कर थकलाय, पोलीस निघालेत. घाबरलेल्या माणसाला फोन चालू ठेवूनच दुकानात धाडायचे, गिफ्ट कार्ड घ्यायला लावायचे आणि मागचा नंबर वाचून घ्यायचा. गलबत नाही, बिस्किट नाही. फोनवर बसलेली बहुतेक मुले पगारदार, विशीतली. रात्रपाळी आणि अमेरिकी उच्चार हे दोन्ही इथे बाहेरच्या कंपन्यांच्या कामाबरोबर आधीच रुळले होते. मला या प्रकरणात सर्वांत अस्वस्थ करते ते हेच, की गुन्हा नोकरीसारखा दिसू लागला.

दोन वर्षांनी पाळी पुण्याची. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. कॉसमॉस बँकेच्या एटीएम यंत्रणेत घुसलेल्यांनी एक बनावट स्विच उभा केला. पैसे काढायची विनंती बँकेपर्यंत पोचायचीच नाही, मधल्या मध्ये मंजूर व्हायची. काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून नकली कार्डांनी सुमारे ७८ कोटी काढले गेले. सोमवारी आणखी १३.९२ कोटी हाँगकाँगच्या खात्यात वळते झाले. देशातही काही ठिकाणी पैसे काढले गेले, त्यांत कोल्हापूरही होते. २०२३मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा सुनावली; पण संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी या लुटीचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला होता आणि तिथवर पुण्याचा पोलीस पोचणार कसा? सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर वेळेत फोन केला तर देशातल्या खात्यातली रक्कम गोठवता येते. ती बाहेर गेली की न्यायालयाचे विनंतीपत्र, मंत्रालय, दूतावास अशी महिन्यांची रांग लागते. आंतरराष्ट्रीय संघटित गुन्हेगारीविरोधी करार २०००मध्ये झाला, भारताने त्याला २०११मध्ये मान्यता दिली, तरी ही रांग तेवढीच लांब आहे.

मार्च २०२५मध्ये हवाई दलाच्या विमानांनी ५४९ भारतीयांना परत आणले. म्यानमार-थायलंड सीमेवरच्या फसवणूक केंद्रांतून सुटलेली ही माणसे. चांगल्या नोकरीच्या आमिषाने नेलेल्या अशा तरुणांचे पासपोर्ट तिथे काढून घेतले जातात आणि अनोळखी लोकांना लुबाडायला बसवले जाते. मीरा रोडची मुले पाळी संपल्यावर घरी तरी जात होती. परतलेल्यांना गुन्हेगार मानायचे की गुन्ह्याचे बळी, हे ठरवायची जबाबदारी आता ज्या पोलिसांवर आहे, त्यांना ती केंद्रे चालवणाऱ्याच्या दारापर्यंत अजूनही जाता येत नाही.