बोअरवाली

जीएनएमचं पहिलं वर्ष, एप्रिल महिना. उंबरमाळीला लोकल धरायची, आसनगावला उतरायचं आणि तोवर मनातल्या मनात सुया टोचत राहायचं. निळी 22 नंबर, गुलाबी 20, हिरवी 18. नंबर लहान तेवढी सुई जाड. पाठ होतं सगळं.

त्या दिवशी वॉर्डात आलेली आजी पाड्यावरची होती. रात्रभर उलट्या-जुलाब. अंगातलं पाणी गेलं की शिरा चपट्या होतात, बोटाला लागतच नाहीत. पट्टा बांधला, मूठ वळायला लावली, स्पिरिटचा बोळा फिरवला, निळी टोचली. कोरडं. पुन्हा टोचली, तर शीर सुईखालून सटकली. माझा हात थरथरायला लागला आणि ते आजीनं आधी पाहिलं.

"सोड गं बाय. आमच्याकडं उन्हाळ्यात बोअर मारून पाणी नाय लागत, तुला कुठनं लागंल?"

अख्खा वॉर्ड हसला. भातसा नि तानसा धरणं आमच्याच शहापूर तालुक्यात, पाणी जातं मुंबईला आणि पाड्यावर येतो टँकर. कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. मीही हसले.

सिस्टर आल्या. "दोनदा झालं ना? सरक." त्यांनी आजीचा हात खाटेखाली लोंबता सोडला, वर कोमट फडकं गुंडाळलं आणि चक्क गप्पा मारत बसल्या. मग सुई तिरकी आत, मागे रक्ताचा ठिपका दिसताच आडवी, नळी पुढे, पट्टा सैल.

"लागलं पाणी. टँकर रद्द करा!"

त्या दिवसापासून मी 'बोअरवाली'.

चिडवण्यातूनच आम्ही बरंचसं शिकलो. फुरसं चावलेला पेशंट आला तेव्हा मी सर्पदंशाच्या लसीच्या पावडरीत 10 मिली पाणी घालून बाटली खळखळून हलवली. फेसच फेस. "धुणं भिजत घालतेस?" एवढंच, तेही पडद्याआड, पेशंटला ऐकू जाणार नाही असं. तेव्हापासून बाटली हळूच गोल फिरवते. रोग्यानं स्वतःवर विनोद केला तर हसायचं, आपण त्याच्यावर करायचा नाही, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. पण मोडलं कुणी, तर सिस्टरांची नजर पुरे व्हायची.

पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या एका पोराला मण्यार चावली. आणलं तेव्हा पापण्या उघडत नव्हत्या. पहाटे तो गेला. डब्यातला चहा तसाच निवला. सिस्टरांनी मला माझ्या खऱ्या नावानं हाक मारली आणि केस पेपर पुढे सरकवला.