बुलढाणा जिल्ह्यातील अभयारण्ये : वन्यजीव संरक्षण आणि सलग अधिवासाचा प्रश्न

प्रस्तावना :
निसर्गाचा एखादा भूभाग कायद्याने राखून ठेवण्याची आधुनिक कल्पना १८७२ साली अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानापासून रूढ झाली. भारतात १९३६ साली स्थापन झालेले हेली नॅशनल पार्क, म्हणजेच आजचे कॉर्बेट, हे पहिले राष्ट्रीय उद्यान होय. महाराष्ट्रात १९५५ साली ताडोबास हा मान मिळाला. पुढे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संपूर्ण देशात संरक्षित क्षेत्रांची कायदेशीर चौकट उभी राहिली. बुलढाणा जिल्ह्यात राष्ट्रीय उद्यान नाही. मात्र ज्ञानगंगा, अंबाबरवा आणि लोणार ही तीन अभयारण्ये आहेत. या तिन्ही क्षेत्रांचे स्वरूप, त्यांना लाभलेले कायद्याचे संरक्षण आणि त्या संरक्षणाच्या मर्यादा यांचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

राष्ट्रीय उद्यान व अभयारण्य यांतील भेद :
सर्वसामान्य बोलण्यात हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. परंतु कायद्यात त्यांत महत्त्वाचा फरक आहे. राष्ट्रीय उद्यानात (कलम ३५) खासगी हक्क शिल्लक राहत नाहीत आणि गुरांच्या चराईस मनाई असते. अभयारण्याच्या बाबतीत जिल्हाधिकारी स्थानिकांच्या हक्कांची चौकशी करतात आणि मुख्य वन्यजीव रक्षकांच्या विचाराने काही हक्क चालू ठेवू शकतात. चराईचे तेथे नियमन करता येते. याच कायद्यातील कलम ३३-अ नुसार अभयारण्याच्या पाच किलोमीटर परिसरातील पाळीव जनावरांचे लसीकरण करणे अपेक्षित आहे, कारण गुरांचे साथीचे रोग रानातील तृणभक्षी प्राण्यांपर्यंत सहज पोहोचतात. अभयारण्य ही कल्पनाच मुळी मनुष्य आणि वन्यप्राणी यांचे शेजारपण गृहीत धरते. बुलढाण्याचा प्रश्न समजून घेताना ही गोष्ट ध्यानी ठेवणे आवश्यक आहे.

जिल्ह्यातील तीन अभयारण्ये :
(अ) ज्ञानगंगा – बुलढाणा व खामगाव यांच्या दरम्यान अजिंठा डोंगररांगेत वसलेले हे अभयारण्य १९९७ साली घोषित झाले. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २०५ चौ. कि.मी. आहे. पूर्णा नदीस मिळणाऱ्या ज्ञानगंगा नदीवरून त्यास हे नाव मिळाले. येथील वन शुष्क पानझडी प्रकारचे असून साग, सालई, अंजन, धावडा, खैर, पळस व तेंदू हे वृक्ष आढळतात. अस्वल, बिबट्या, तरस, कोल्हा, रोही, भेकर, चौसिंगा आणि रानडुक्कर हे येथील प्रमुख प्राणी होत.

(आ) अंबाबरवा – संग्रामपूर तालुक्यात सातपुड्याच्या कुशीत असलेले हे सुमारे १२७ चौ. कि.मी. चे क्षेत्रही १९९७ सालचेच होय. ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग असून २००७ मध्ये घोषित झालेल्या त्या प्रकल्पाच्या सुमारे १,५०० चौ. कि.मी. अतिसंरक्षित क्षेत्रात त्याचा समावेश होतो. परिसरात कोरकू, निहाल, भिलाला या आदिवासी समाजांची वस्ती आहे.

(इ) लोणार – अशनीपाताने बेसाल्ट खडकात निर्माण झालेल्या विवराच्या संरक्षणासाठी २००० साली घोषित झालेले हे अभयारण्य जेमतेम चार चौ. कि.मी. चे आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये लोणार सरोवरास रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी जून महिन्यात सरोवराचे पाणी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत त्यामागे क्षारप्रिय सूक्ष्मजीव असल्याचे आढळून आले. येथे संरक्षणाचा विषय मोठे वन्यप्राणी नसून पाण्याची क्षारता, काठावरील झरे आणि विवराच्या उतारावरील वन हा आहे. शहराचे सांडपाणी अथवा वेडी बाभूळ यांमुळे हा समतोल ढळू शकतो.

तिन्ही क्षेत्रांची बेरीज सुमारे ३३६ चौ. कि.मी. होते. जिल्ह्याच्या ९,६६१ चौ. कि.मी. क्षेत्रफळाशी तुलना करता हे प्रमाण साधारणतः साडेतीन टक्के एवढेच भरते.

एका वाघाचा प्रवास आणि त्याचा अर्थ :
यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेल्या ‘टी१ सी१’ या नर वाघास फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेच्या तज्ज्ञांनी रेडिओ कॉलर लावली. पावसाळ्याच्या आरंभी तो टिपेश्वरातून निघाला आणि विदर्भ, मराठवाडा व तेलंगणातील अनेक जिल्हे ओलांडून डिसेंबर २०१९ मध्ये ज्ञानगंगेत पोहोचला. कॉलरने नोंदविलेल्या सुमारे ५,००० स्थाननोंदींवरून त्याने एकूण ३,००० कि.मी. हून अधिक अंतर कापल्याचे स्पष्ट झाले. भारतात नोंद झालेल्या वाघांच्या सर्वांत दीर्घ भ्रमंतींपैकी ही एक होय. माध्यमांनी त्यास ‘वॉकर’ हे नाव दिले.

या प्रवासातून तीन गोष्टी दिसून येतात. पहिली, टिपेश्वरसारख्या लहान अभयारण्यात वयात येणाऱ्या नर वाघांना जागा पुरत नाही. त्यांना नवे क्षेत्र आणि जोडीदार शोधण्यासाठी बाहेर पडावेच लागते. दुसरी, नदीनाल्यांचे काठ, तुरळक झाडोरा असलेल्या टेकड्या आणि उभी पिके, ज्यांस सरकारी दप्तरी वन म्हणून स्थान नाही, तीच जमीन वाघाला वाट करून देते. तिसरी, हा वाघ शेतशिवारांतून महिनोन्‌महिने फिरला, तरी त्याने माणसांना टाळण्याचाच प्रयत्न केला. तो विसावलेल्या झुडपात शिरू पाहणारी एक व्यक्ती जखमी झाली, हा अपवाद.

तथापि ज्ञानगंगेत त्याच्यासाठी वाघीण नव्हती. बाहेरून वाघीण आणावी काय, याची चर्चा त्या काळी झाली. हा प्रश्न वरवर सोपा वाटला तरी तसा नाही. सुमारे २०५ चौ. कि.मी. वनात एक जोडी नांदू शकेलही. पण तिचे बछडे मोठे झाल्यावर जाणार कोठे? वाट बंद असेल, तर आज एका वाघाची असलेली अडचण उद्या चार वाघांची होईल. म्हणून वाघ आणण्याआधी वाट राखणे क्रमप्राप्त ठरते.

सलगतेतील अडथळे :
उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस अजिंठा रांग यांच्या मधोमध पूर्णेचे काळ्या मातीचे खोरे पसरले आहे. कापूस, सोयाबीन व तुरीच्या या पट्ट्यातून मलकापूर, नांदुरा, शेगाव मार्गे मुंबई–नागपूर लोहमार्ग जातो. मुंबई–नागपूर राष्ट्रीय महामार्गही याच खोऱ्यातून जातो. जिल्ह्याच्या दक्षिण भागातून गेलेला समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये संपूर्ण खुला झाला. त्यावर वन्यप्राण्यांसाठी मार्गिका ठेवल्या असल्या, तरी त्यांचा उपयोग दोन्ही बाजूंची जमीन मोकळी राहण्यावर अवलंबून आहे. याशिवाय बुलढाणा–खामगाव रस्ता खुद्द ज्ञानगंगेतून जातो. रात्रीची वेगवान वाहने तरस, भेकर यांसारख्या प्राण्यांना धोकादायक ठरतात.

संरक्षणाचा भार कोणावर? :
अभयारण्यालगतच्या गावांची बाजू तितकीच विचारात घेणे न्याय्य ठरते. रोही व रानडुकरांचे कळप एका रात्रीत उभे पीक आडवे करतात. अस्वलाची नजर अधू असल्याने समोर अचानक माणूस आला की ते हल्ला करते. पहाटे मोहफुले वा तेंदूपाने गोळा करणारे गरीब मजूर व गुराखी यांनाच याची झळ बसते. उन्हाळ्यात पाणवठे आटले की प्राणी गावाकडे वळतात. वणव्यामुळे चारा जळतो आणि गुरे व रानातील प्राणी एकाच उरलेल्या गवतावर येतात.

शासनाने नुकसानभरपाईची तरतूद केली असून २०१५ मध्ये डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आणली. गावांना स्वयंपाकाचा गॅस पुरविणे, शेतीला कुंपण व जनतेचे वनावरील अवलंबित्व कमी करणे हा तिचा हेतू. अशा योजनांचे यश मदत किती वेळेवर पोहोचते यावर ठरते. पंचनाम्यास विलंब झाला की शेतकऱ्याच्या मनातील राग वनरक्षकावर आणि अखेरीस प्राण्यावर निघतो.

उपाययोजना :
१) उन्हाळ्यापूर्वी पाणवठ्यांची दुरुस्ती व जाळरेषांची आखणी पूर्ण करावी.
२) अभयारण्यातील रस्त्यांवर वेगमर्यादा व गतिरोधक यांची काटेकोर अंमलबजावणी व्हावी.
३) परिसरातील गुरांचे लसीकरण पशुसंवर्धन व वन विभागांनी संयुक्तपणे करावे.
४) नाल्याकाठचा झाडोरा, गायराने व झुडपी जंगल यांची नोंद घेऊन नवे प्रकल्प आखताना ती वगळावीत.
५) पीकहानीचे पंचनामे ठरावीक मुदतीत पूर्ण करावेत.

निष्कर्ष :
अभयारण्याची हद्द नकाशावर आखता येते. प्राण्यांना ती दिसत नाही. बुलढाणा जिल्ह्यातील संरक्षित क्षेत्रे आकाराने लहान व परस्परांपासून दूर आहेत. त्यांचे भवितव्य हद्दीच्या आतील बंदोबस्ताइतकेच हद्दीबाहेरील शेतकऱ्याच्या सहनशीलतेवर आणि मोकळ्या राहिलेल्या वाटांवर अवलंबून आहे. टिपेश्वरहून आलेल्या वाघाने या वाटा अद्याप पुरत्या बुजलेल्या नाहीत हे दाखवून दिले. त्या तशाच राखणे हे वन विभागाबरोबरच महसूल, बांधकाम व कृषी विभागांचेही कर्तव्य ठरते.