वहिवाटीचे कागद

पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या दमणहून त्यांच्याच दादरा-नगर हवेलीला जायचं तर वाटेत भारताची हद्द लागे. १९५४ साली भारताने ती वाट पोर्तुगीजांना बंद केली, तेव्हा पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेतली. तिथे पेशव्यांचा १७७९चा तह आणि नंतरच्या सनदाही निघाल्या. मराठ्यांनी पोर्तुगीजांना दिला तो फक्त वसुलीचा हक्क, सरंजाम. मुलखाचं सार्वभौमत्व नव्हे, असं न्यायालयाने १९६० साली ठरवलं. त्या पीठावर भारतातर्फे एम. सी. छागला न्यायाधीश म्हणून बसले होते.

वाटेचा प्रश्न मात्र वहिवाटीवर सुटला. सव्वाशेहून अधिक वर्षं खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल बिनदिक्कत ये-जा करत होता. फौज, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळ्याला दर वेळी परवानगी लागे. म्हणून पहिल्यांपुरता हक्क मान्य झाला, दुसऱ्यांपुरता नाही. १९५४च्या तणावात भारताने वाट रोखली, त्यातही न्यायालयाला कर्तव्यभंग दिसला नाही.

ही दोन देशांपुरती रूढी. साऱ्या जगाला बांधणारी रूढी सिद्ध करायची, तर अनेक देश तसं वागतात आणि कायद्याने बांधलेले आहोत असं मानूनच वागतात, हे दोन्ही दाखवावं लागतं. त्याचे कागद परराष्ट्र खात्यांच्या कपाटांत पडलेले. ज्यांची ग्रंथालयं मोठी, त्यांचंच वागणं ‘जगाची रूढी’ म्हणून उद्धृत होतं. ही मला आंतरराष्ट्रीय रूढ कायद्याची सर्वांत दुखरी जागा वाटते.

संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगाची १९४७ सालची संविधी याच दुखण्याला हात घालते. रूढ कायद्याचे पुरावे सहज हाती कसे येतील याचा विचार आयोगाने करावा, असं तिचं चोविसावं कलम सांगतं. पहिले अध्यक्ष मॅन्ली हडसन यांनी टिपण तयार केलं, १९५० साली शिफारशी गेल्या. राष्ट्रीय कायद्यांची मालिका, लवादांचे निवाडे, विधीविषयक वार्षिक असे खंड निघाले वा चालू राहिले. उपयुक्त खरेच, पण ठोकळे! शिवाय एखादा देश गप्प बसला, तर त्याचा खंड कोण छापणार?

२००५ साली आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समितीने युद्धकाळातल्या रूढ कायद्याचे १६१ नियम मांडले. त्यामागे देशोदेशीच्या लष्करी पुस्तिका, निकाल, निवेदनं आहेत. हा साठा २०१०पासून संगणकावर फुकट बघता येतो. अमेरिकेने २००६ सालीच आक्षेप घेतला होता: एवढ्या पुराव्यावर इतके नियम उभे राहत नाहीत. आता निदान तो पुरावा उघडून दोघांचंही म्हणणं तपासता येतं.